राष्ट्रहित म्हटलं की विषय संपला का?

मा. संपादक, स.न.

परवाच्या अग्रलेखात युक्रेनबद्दल बरंच लिहून शेवटी ‘प्रत्येक देश राष्ट्रहितच बघतो’ म्हणून तुम्ही हात झटकलेत. पुस्तकी भाषेत हा वास्तववाद, रिअलिझम. मला तो अजिबात टाकाऊ वाटत नाही. देशांच्या डोक्यावर कोणी पोलीस नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं, मग शेजारी बलवान झाला की धडकी भरणारच, हे अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झने 1979 ला मांडलं ते आजही पटतं. युक्रेनचंच बघा ना, 1994 ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका, ब्रिटनने सह्या करून त्याच्या सीमा मान्य केल्या, त्याने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं देऊन टाकली आणि 20 वर्षांत त्याचा क्रिमिया रशियाने घेतला. दुसरे वास्तववादी अभ्यासक मिअरशायमर तर 1993 लाच सांगत होते की अण्वस्त्रं सोडू नका.

पण मग फिनलंडचं काय? रशियाला लागून 1300 किमीच्या आसपास सीमा, सोव्हिएत युनियन ऐन भरात होतं तेव्हा हा देश नाटोपासून, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीपासून लांब राहिला आणि त्यापेक्षा कमजोर रशिया समोर असताना एप्रिल 2023 मध्ये आत गेला. तेव्हा गप्प बसला तेही राष्ट्रहित, आता गेला तेही राष्ट्रहित! जे काही घडेल त्याला मागाहून हेच लेबल चिकटत असेल तर त्यातून कळलं काय? नुसती ताकद मोजून भागत नाही, समोरच्याचा इरादा काय वाटतो तेही बघावं लागतं, हे अभ्यासक स्टीफन वॉल्ट स्वतः वास्तववादी असून 1987 ला म्हणाले. राज्यशास्त्रज्ञ अलेक्झांडर वेंट त्याच्याही पुढे गेले, 1995 ला त्यांनी लिहिलं की ब्रिटनच्या 500 अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची 5 अमेरिकेला जास्त भीतीदायक वाटतात, कारण एक दोस्त आहे आणि दुसरा नाही, आणि दोस्त कोण हे बॉम्ब मोजून थोडंच कळतं, ते आधीच्या वागण्यातून, इतिहासातून ठरत जातं. (उदारमतवादी मंडळी व्यापार वाढला की युद्ध टळतं म्हणतात, पण रशियाचा गॅस जर्मनीला जातच होता की, तरी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केलाच.)

म्हणून म्हणतो, राष्ट्रहित लिहा, जरूर लिहा, पण ते त्या देशात कोणी आणि कशाला घाबरून ठरवलं तेही दोन ओळी लिहा.

आणि हो, अग्रलेखात नाटोचे सदस्य 30 छापलेत, मार्च 2024 मध्ये स्वीडन आल्यापासून ते 32 आहेत.

– आपला एक नियमित वाचक