शनिवारच्या मजुरीविषयी मित्रास पत्र

म्हापसा, गोवा

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

नगरहून पाठवलेले तुझे पत्र मिळाले. जिथे वळणावळणावर क्रूस उभा आहे तिथे ख्रिस्ती म्हणून जगणे सोपे जात असेल, असे तू लिहिले आहेस. तुझ्या त्या वाक्याला नीट उत्तर द्यावे, असे मनापासून वाटले.

इथे ख्रिस्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पोर्तुगीज आडनाव, घरात कोंकणी आणि रविवारची मिस्सा येते. माझे आडनाव मराठी, घरची भाषा मराठी आणि मंडळी, म्हणजे चर्च, प्रोटेस्टंट, त्यामुळे हिंदू शेजारी मला अर्धा आपला समजतात आणि कॅथलिक शेजारी अर्धा परका. घरमालकीणबाई संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसल्या की मलाही हाक मारतात. मी जपमाळ हाती घेत नाही, पण त्या वाड्यावरच्या आजारी माणसांसाठी प्रार्थना करू लागल्या की मान लववून उभा राहतो आणि ती प्रार्थना माझीही असते.

मराठी असणे आणि ख्रिस्ती असणे यांतून एकाची निवड करावी लागते, हे मला कधीच पटले नाही. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, पुराणश्रवणाची सवय असलेल्या गोव्यातल्याच सासष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी, बायबलमधील कथा मराठी ओवीत रचल्या, आणि ते ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापले गेले. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांची भजने तर आपण लहानपणापासून पेटीवर गात आलो आहोत. त्यामुळे माझ्या ओळखीचा प्रश्न मला फारसा छळत नाही. माझा खरा कस लागतो तो शनिवारी.

तुला ठाऊकच आहे की मी एका बांधकाम ठेकेदाराकडे हिशेब लिहितो. कर्नाटक, ओडिशा, झारखंड इथून आलेल्या मजुरांना शनिवारी संध्याकाळी मजुरी मिळते आणि रविवारी ते आठवड्याचा बाजार करतात. हजेरी मुकादम मांडतो. पावसाळ्यात दुपारनंतर काम थांबले की तो सरसकट अर्धी हजेरी लिहून मोकळा होतो, पण त्या वेळात त्याच माणसांनी सिमेंटच्या गोण्या आत वाहिलेल्या असतात आणि तळमजल्यात साचलेले पाणी उपसलेले असते. मस्टरवर त्यातले काहीच येत नाही. गेल्या पावसाळ्यात कलबुर्गीकडची एक बाई मला जिन्यामागच्या, गिलावा न केलेल्या भिंतीपाशी घेऊन गेली. तिथे तिने कोळशाने रोजची एक रेघ ओढली होती आणि अर्ध्या दिवसाची रेघ आखूड ठेवली होती. तिची भिंत आणि आमचे मस्टर दोन दिवसांत जुळत नव्हते. मी इतरांना विचारले, साइटवरच्या पहारेकऱ्यालाही विचारले, आणि मस्टर दुरुस्त करून सही केली. मालक चिडले, पण पैसे त्याच संध्याकाळी दिले गेले.

मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये, असे बायबलमधल्या लेवीयच्या 19व्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. मला तर ही आज्ञा हिशेबनिसासाठीच लिहिली आहे असे वाटते, आणि शनिवारी तिजोरी उघडण्यापूर्वी मी तिच्यावरच प्रार्थना करतो.

आमच्या मंडळीतल्या एकाने सुचवले होते की मजुरीच्या पाकिटासोबत सुवार्तेची पत्रिकाही द्यावी. मी स्पष्ट नकार दिला. ज्या हातातून माणसाला पोटाचे पैसे मिळतात, त्याच हातातली पत्रिका नाकारण्याची त्याला मोकळीक राहत नाही, आणि आपल्या प्रभूने तर त्याच्या मागे यायला न धजलेल्या श्रीमंत तरुणालाही परत जाऊ दिले. त्यांच्यापैकी कोणी आपणहून विचारले, तर मी आनंदाने आणि सविस्तर बोलतो.

आता तुझे लिही. तुमच्या कारखान्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागतील आणि त्यांना आगाऊ दिलेल्या उचलीचा हिशेब तुझ्याच वहीत राहील. हंगाम संपताना उचल फिटली की नाही हे कोणाच्या शब्दावर ठरते, आणि नवऱ्याच्या जोडीने एकाच कोयत्यावर राबणाऱ्या बाईला तिचा वाटा वेगळा मांडून दाखवता येतो का, हे मला सविस्तर कळव. वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझाच,
म्हापशाचा मित्र