निवड समिती नेमू नका : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी नाटकवाला आहे. लिहितो, बसवतो, वेळ पडली तर खिळेही ठोकतो. माझी बहुतेक नाटकं फ्रिंज महोत्सवांत झाली, म्हणजे कुणी बोलावलेलं नसताना, लहानशा खोल्यांत, मोजक्या माणसांपुढे. या महोत्सवांना सरकारने हात द्यावा असं आम्हा सगळ्यांना मनापासून वाटतं. तो हात देताना आपल्या खात्याने एक गोष्ट मात्र करू नये, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. कृपा करून निवड समिती नेमू नका.

सरकारी पैसा द्यायचा तर तो कुणाला द्यायचा हे कुणीतरी ठरवायला हवं, हे मलाही कळतं. म्हणूनच जरा सविस्तर सांगतो.

१९४७ साली, महायुद्ध संपून दोन वर्षं होतात न होतात तोच, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. निमंत्रितांच्या यादीत नाव नसलेल्या आठ नाटकमंडळ्या तिथे आपणहून उतरल्या. मिळेल ती जागा धरली आणि प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने अशा मंडळींबद्दल लिहिताना ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला आणि तो चिकटला. फ्रिंज म्हणजे कापडाच्या टोकाला सुटलेल्या दशा. विणकर जिथे थांबतो तिथले मोकळे धागे. मला हे नाव फार आवडतं, कारण दशा कापडाच्याच असतात, बाहेरून आणून जोडलेल्या नसतात.

१९५८ साली या मंडळींची रीतसर संस्था झाली. कार्यक्रमपत्रिका छापणं, तिकिटं विकणं, माहिती देणं ही कामं तिने अंगावर घेतली. पण नाटकं निवडायची नाहीत, हे तिचं धोरण राहिलं आणि आजही आहे. जागा चालवणारे आपापल्या जागेपुरती निवड करतात, ती गोष्ट वेगळी. २०१९ साली तिथे ३,८०० हून अधिक कार्यक्रम झाले. संस्थेने त्यांतला एकही निवडलेला नव्हता.

आता नाटकवाल्याला यात काय मिळतं ते सांगतो. पैसा म्हणाल तर बहुतेकांना मिळत नाही. मिळतो तो प्रेक्षक, आणि तोही हाताच्या अंतरावर.

एकदा आमचा प्रयोग शाळेच्या वर्गात होता. फळ्यावर काळं कापड, दोन दिवे, त्यांची बटणं दाराशेजारच्या बोर्डावर. समोर नऊ माणसं. पहिल्या रांगेतल्या बाईंचा गुडघा आणि आमच्या नटीचा हात यांत वीतभर अंतर. नाटकाच्या शेवटी ती एक पत्र फाडते, असं मी लिहिलं होतं, आणि तालमीत ती रोज फाडत होती. चौथ्या प्रयोगाला तिने पत्र उचललं, दोन्ही हातांत धरलं, थोडंसं फाडलं आणि थांबली. त्या शांततेत कागदाची ती एवढीशी चर्र सगळ्यांनी ऐकली होती. मग तिने पत्राची घडी घातली आणि पदराआड ठेवून दिली. कुणी हललं नाही. मीही दिव्याच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिलो. त्या रात्री मी शेवट बदलला. नाटक तालमीत सापडतं असं आपण म्हणतो, पण हा शेवट मला त्या नऊ जणांनी दिला.

मोठ्या नाट्यगृहात हे का होत नाही? भाडं मोठं, नेपथ्य मोठं, जाहिरात मोठी, म्हणून चुकायची सोय नाही. पहिलाच प्रयोग उत्तम व्हावा लागतो. फ्रिंजमध्ये त्याच खोलीत, त्याच वेळेला, लागोपाठ प्रयोग होतात. काल पडलेलं वाक्य आज काढता येतं. नेपथ्य दोन पेट्यांत मावतं, कारण मागच्या गटाने खोली सोडल्यावर आपल्याला मांडायला जेमतेम पंधरा मिनिटं असतात. या तंगीतून एक शिस्त येते. तासाभराच्या नाटकात काय नसलं तरी चालतं, हे मी तिथेच शिकलो.

प्रेक्षकाची बाजूही मी जगलो आहे. माझा प्रयोग आटोपला की मी बाहेर रांगेत उभा राहायचो आणि पुढचं मागचं माणूस सहज विचारायचं, ‘काय पाहिलंत? कसं होतं?’ तिकडे ओळखीचं नाव नसतं, जाहिरातीतला चेहरा नसतो. आपण चार ओळी वाचून आत जातो. नाटक पडलं तर तास गेला, आणि जमलं तर तो शोध आपला स्वतःचा असतो. एका दिवसात तीन-चार नाटकं पाहिलेला माणूस संध्याकाळी वेगळ्या नजरेने पाहतो. त्याला काय आवडतं हे त्याचं त्यालाच कळायला लागतं. एरवी नाटकाला न येणारी माणसं मी इथेच पाहिली, कारण इथे येताना काही ठाऊक असावं लागतं असं त्यांना वाटत नाही.

या सगळ्यात समिती आली की काय होतं, हेही अनुभवाने सांगतो. माझी एक संहिता एका निवड समितीकडे गेली होती. नाटकात जवळजवळ संवादच नव्हते. कागदावर ते दीड पान दिसत होतं. ‘अपुरे लेखन’ असा शेरा आला. समितीतल्या माणसांबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांना शंभर संहिता वाचायच्या होत्या आणि कागदावर नसलेली गोष्ट ते कुठून वाचणार? पण पुढच्या वर्षी माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्या समितीला काय आवडेल ते हेरून नाटकं लिहिली. मला झालेल्या नकारापेक्षा ते मला जास्त लागलं.

मग जागा थोड्या आणि अर्ज फार, तर करायचं काय? याचं उत्तर कॅनडाने शोधून ठेवलं आहे. एडमंटन शहरात १९८२ साली ब्रायन पेस्ली यांनी उत्तर अमेरिकेतला पहिला फ्रिंज महोत्सव सुरू केला. तिथून ही पद्धत इतर शहरांत पसरली आणि तिचे चार नियम ठरले. नाटकं गुणवत्ता तोलून घ्यायची नाहीत, सोडत काढायची किंवा आधी येईल त्याला जागा द्यायची. कलावंताने ठरवलेल्या तिकिटाचे सगळे पैसे कलावंताला. प्रयोगात काय आहे यावर महोत्सवाचं नियंत्रण नाही. आणि प्रेक्षक व कलावंत दोघांनाही परवडेल, सहज येता येईल असा महोत्सव. नाटकवाले एक ठरावीक शुल्क भरतात, त्याबदल्यात जागा, दिवे आणि तंत्रज्ञ मिळतो. महोत्सवाचा स्वतःचा खर्च देणग्या, अनुदानं आणि तिकिटावरच्या वेगळ्या आकारातून निघतो. अनुदान तिथेही आहे, मंत्रिमहोदय. ते महोत्सवाला मिळतं, नाटक पसंत पडलं म्हणून नाही.

आपले अधिकारी विचारतील, सोडतीत वाईट नाटकं आली तर? येतील. मी पुष्कळ पाहिली आहेत, दोन-तीन केलीही आहेत. पण टॉम स्टॉपर्ड यांचं ‘रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ १९६६ साली एडिंबराच्या फ्रिंजमध्ये विद्यार्थ्यांच्या मंडळीने केलं आणि पुढच्याच वर्षी ते लंडनमध्ये नॅशनल थिएटरने घेतलं. टोरंटोच्या फ्रिंजमध्ये २०११ साली झालेलं इन्स चोई यांचं ‘किम्स कन्व्हीनियन्स’ पुढे दूरचित्रवाणी मालिका होऊन घराघरांत गेलं. अशी नाटकं आधी ओळखता आली असती तर आणखी काय हवं होतं! ती ओळखता येत नाहीत, म्हणून दार उघडं ठेवायचं. आणि जी नाटकं कुठेच पोचत नाहीत त्यांतही कुणीतरी पहिल्यांदा दिवे सांभाळलेले असतात, कुणीतरी पहिल्यांदा लोकांसमोर उभं राहिलेलं असतं.

एडिंबराचा एक धडा मात्र आपण आधीच घ्यावा. दार उघडं असलं तरी उंबरठा महाग होऊ शकतो. तिथे महोत्सवाच्या काळात राहण्याची भाडी इतकी चढली आहेत की तरुण कलावंत कर्ज घेऊन येतात, नाहीतर येतच नाहीत. नाव उघड्या महोत्सवाचं आणि निवड मात्र पैशाने केलेली. समिती निदान कारण तरी लिहून देते.

म्हणून आपल्या खात्याने नेमकं इथे लक्ष घालावं. सुट्टीत रिकामे असणारे वर्ग, सभागृहं, जुनी गोदामं पंधरा दिवसांसाठी द्या. बाहेरून येणाऱ्या मंडळींना वसतिगृहांत राहू द्या. आग, वीज आणि गर्दी यांची तपासणी कडक ठेवा, त्यात सवलत मागत नाही. पण प्रत्येक गटाला वेगवेगळी कचेरी गाठायला लावण्यापेक्षा जागेची परवानगी एकदाच, सगळ्यांसाठी मिळून द्या. व्हीलचेअर आत जाईल अशा जागा आधी निवडा. संहिता मागवू नका. शेवटी हिशेब जरूर मागा, किती प्रयोग झाले, किती तिकिटं गेली, कलावंतांच्या हाती किती पडलं. आम्ही पै-पैचा देऊ.

आणि आपण स्वतः एकदा या. ताफा नको, राखीव रांग नको. कुणाचंही नाव ठाऊक नसलेलं एखादं नाटक निवडा, रांगेत उभे राहा, शेजारच्या माणसाला त्याने काय पाहिलं ते विचारा. फक्त वेळेआधी पाच मिनिटं पोचा. प्रयोग सुरू झाला की दार लावून घेतात आणि मग कुणालाच आत सोडता येत नाही, कारण तास संपायच्या आत पुढचा गट आपल्या दोन पेट्या घेऊन बाहेर येऊन उभा असतो.

आपला नम्र,
एक नाटकवाला