लेडली किंगचा गुडघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर जिद्दी खेळाडूंवर लेख आला. त्यात लंडनच्या टॉटनहॅम या फुटबॉल क्लबचा माजी बचावपटू लेडली किंग दोन ओळींत आटोपला होता: गुडघा निकामी झाला, सराव बंद झाला, तरी तो खेळत राहिला. माहिती खरी आहे. पण मी कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो आहे, आणि किंगबद्दल एवढंच वाचून गप्प बसवेना.

किंग पूर्व लंडनचा. मे १९९९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध पहिला सामना खेळला आणि २०१२ मध्ये ३१ व्या वर्षी थांबला. मधे क्लब एकच, सामने ३२३. २००१ मध्ये टॉटनहॅमचाच बचावपटू सोल कॅम्पबेल करार संपवून थेट कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलमध्ये गेला. टॉटनहॅमच्या लोकांच्या जिव्हारी लागलेली ती जखम विशीतल्या या मुलाने भरून काढली. पुढे तो कर्णधार झाला. मोठं पदक म्हणाल तर एकच, २००८ चा लीग कप, वेम्बलीवर चेल्सीला २-१ हरवून मिळवलेला. पदकं मोजून बचावपटूची किंमत ठरवणाऱ्यांच्या यादीत तो बसायचा नाही.

अशा पदकं मोजणाऱ्यांनी ५ नोव्हेंबर २००६ चा चेल्सीविरुद्धचा सामना बघावा. चेल्सीचा आर्येन रॉबेन बचावफळी फोडून सुटला होता, पुढे फक्त गोलरक्षक. रॉबेन असा सुटला की मागचा बॅक बहुधा शर्ट ओढतो, नाहीतर धावणंच सोडतो. किंग मागून पळत आला, पेनल्टी क्षेत्रात त्याच्या बरोबरीला पोचला आणि नेमक्या क्षणी पाय घालून फक्त चेंडू काढून घेतला. क्षणभर उशीर झाला असता तर पेनल्टी होती. त्या दिवशी टॉटनहॅमने १९९० नंतर लीगमध्ये पहिल्यांदा चेल्सीला हरवलं. शर्ट न धरता चेंडू काढून घेणारा बचावपटू म्हणून आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीनेही किंगचं कौतुक केलं होतं. ऑन्रीसारख्या शत्रूपक्षातल्या स्ट्रायकरने हे म्हणावं, यापरतं स्टॉपरला आणखी काय हवं?

आता गुडघ्याचं. डाव्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली मऊ गादी, झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं. शस्त्रक्रिया करून दुरुस्त करावं असं काही उरलंच नव्हतं. सामना झाला की गुडघा सुजायचा. मग आठवडाभर व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव, संघाबरोबर सराव नाही. कुठला सामना खेळवायचा आणि कुठला सोडायचा, हे व्यवस्थापक हॅरी रेडनॅप आणि डॉक्टर मंडळी बघत. तो बसला तर उभं राहायला मायकेल डॉसनसारखे बॅक होते. म्हणजे जिद्द त्याची होतीच, पण तिच्यामागे एका श्रीमंत क्लबची सगळी व्यवस्था उभी होती. एवढं करूनही २०१० च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध जांघेच्या दुखापतीने त्याला मध्यंतरालाच बाहेर यावं लागलं. इंग्लंडकडून तो त्याचा २१ वा आणि शेवटचा सामना ठरला.

आपल्या लेखात ही व्यवस्था आली नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. चोविसाव्या वर्षी सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शन घेऊन मी अंतिम सामन्याला उतरलो. 'उतर' म्हणणारे माझे आपलेच होते, त्यांना जिंकायचं होतं, मलाही जिंकायचं होतं. कुणी एमआरआय सुचवला नाही, आठवडाभर बसून राहा म्हणालं नाही. आज जिना उतरताना मला कठडा धरावा लागतो. शाहू स्टेडियमवर अजूनही गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून उतरणारी पोरं दिसतात. आपला लेख ती वाचतात, कापून ठेवतात, आणि किंग खेळला तर आपणही खेळू म्हणतात.

म्हणून विनंती आहे. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी किंगवर पूर्ण लेख छापा. त्याच पानावर एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून गुडघ्याची कूर्चा म्हणजे काय, सूज आली की किती दिवस थांबायचं, हे साध्या मराठीत लिहून घ्या. आणि रॉबेनच्या पायातून काढलेल्या त्या चेंडूचं छायाचित्र मिळालं तर तेही मोठं घाला.

आपला,
एक जुना स्टॉपर
शिवाजी पेठ, कोल्हापूर