बंधाऱ्याची पातळी छापता, शेजारी पाणी शुद्ध करायची रीतही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज येते. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ झालेत. ते वाचून नदीकाठची माणसं जनावरं हलवतात, धान्य माळ्यावर चढवतात. आम्ही शिवाजी पेठेतली माणसं मात्र आकडा वाचतो आणि पेपर घडी करून ठेवतो, कारण पेठ उंचावर आहे, पूर दारात येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मीही तेच केलं आणि तिथंच चुकले.

पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा माझा उंबरा कोरडा होता, पण नळाची चावीही कोरडी होती. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं पुरात बुडाली होती. नदीतून पाणी उचलणारी मोटारच पाण्याखाली गेल्यावर उंच पेठ काय आणि सखल पेठ काय, नळाला येणार कुठून? त्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, बाहेरची वाहतूक थांबली. दुकानातल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच गत झाली.

मी आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, कशी टाकायची, पाणी ओगराळ्यानंच का घ्यायचं, हे गावोगाव सांगत फिरले. आणि त्या सकाळी माझ्याच घरात किती पाणी होतं? एक स्टीलचं पिंप, तेही अर्धं. सगळी भिस्त भिंतीवरच्या फिल्टरवर. लाइट नाही, नळाला पाणी नाही, मग त्या फिल्टरचा काय उपयोग? या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी गल्लीत एक टँकर आला. तोवर रस्त्यावरच्या चिखलात पडलेला पाइप कुणीतरी उचलला आणि तसाच घागरीत सोडला. बायका इतक्या टेकीला आलेल्या की कुणी काही बोललं नाही, मीही नाही. घरी येऊन पाण्यातलं क्लोरीन तपासायची जुनी ओ.टी. किट काढली. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. मी नळी खिडकीच्या उजेडात धरून उभी राहिले. काही केल्या रंग आला नाही.

शेजारच्या काकूंना कुणीतरी पुडीत टीसीएल दिली होती. प्रमाण सांगितलं नव्हतं. त्यांनी चमचाभर पावडर थेट घागरीत ओतली. पाणी पांढरं झालं, वासानं तोंडाजवळ नेववेना. ते सगळं मोरीत गेलं, आणि वर्षाच्या नातवाला पाजलं बोअरचं पाणी, न उकळता. दोन दिवसांनी त्याला जुलाब सुरू झाले. मी गेले तेव्हा पोराचे डोळे खोल गेलेले, टाळू आत ओढलेली. रात्रभर चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजत आम्ही दोघी बसलो. ओआरएसचं पाणी तेवढं माझ्या स्टोव्हवर उकळलेलं होतं. पोरगं सावरलं. पण काकूंची चूक ती काय? औषध हातात होतं, ते किती घालायचं एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून मी जे करते ते इथं लिहिते. चहाचा एक सपाट चमचा ताजी टीसीएल प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाण्यात कालवायची आणि चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा. वरची निवळ तेवढी वापरायची, गाळ टाकून द्यायचा. स्वच्छ दिसणाऱ्या वीस लिटर पाण्याला या निवळीचे चहाचे चार चमचे पुरतात, थोडं गढूळ असेल तर आठ. ढवळून, झाकून अर्धा तास थांबायचं. झाकण काढल्यावर क्लोरीनचा हलका वास आला पाहिजे. नाही आला तर तेवढाच डोस पुन्हा घालून आणखी अर्धा तास थांबायचं. निवळ रोज नवी करावी, आणि टीसीएलची पिशवी उघडी ठेवू नये, तिच्यातला जोर उडून जातो. पिशवीवरची तारीख बघायला विसरू नका. टीसीएल नसेल तर औषध दुकानात क्लोरीनच्या गोळ्या मिळतात. वीस लिटरला एक अशीही गोळी असते, पण पाकिटावरचं प्रमाण वाचूनच टाकावी.

पाणी फारच गढूळ असेल तर मात्र आधी तुरटी. क्लोरीनचा जोर मातीतच खर्ची पडतो आणि जंतू तसेच राहतात. तुरटीचा खडा पाण्यात चार-सहा वेळा फिरवायचा, पाणी रात्रभर हलवायचं नाही, सकाळी वरचं पाणी चारपदरी सुती कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळायचं आणि मग क्लोरीन. नुसत्या तुरटीनं पाणी दिसायला नितळ होतं, पिण्याजोगं होत नाही. पुरात गॅस जपून वापरावा लागतो, तरी लहान मूल आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांच्यापुरतं पाणी उकळाच. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तशीच राहू द्यायची आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं. दूषित पाण्यातून येणारी काविळीची एक जात गरोदर बाईच्या जिवावर बेतते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, ती या भागातला कुणी विसरला नसेल.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. त्या आठवड्यात पन्हाळीतून रात्रंदिवस धो धो पाणी पडत होतं, ते आम्ही गटारीला जाऊ दिलं आणि टँकरची वाट बघत बसलो. कौलं, पत्रे धुऊन निघाल्यावर येणारं ते पाणी गाळून, क्लोरीन घालून पुराच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पिण्याला आणि रांधायला माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसांच्या घराला सात दिवसांचे एकशेचाळीस लिटर होतात, म्हणजे वीस लिटरचे सात कॅन. रॉकेल-रसायनाचे जुने कॅन नकोत. आमच्या घरी हे सात कॅन आता जून लागताच धुऊन माळ्यावर तयार असतात, आणि बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की त्याच दिवशी भरले जातात. तोवर चावीला पाणी चालू असतं.

माझी विनंती एवढीच आहे. ज्या दिवशी पातळी ३९ फुटांवर जाईल, त्या दिवशी आकड्याशेजारी चार बोटांची चौकट टाका : आज कॅन भरा, तुरटी आणा, टीसीएलचं प्रमाण असं. अक्षर मोठं असू द्या, म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय वाचता यावं. आणि पाणी शुद्ध करायची रीत रोज छापा, पूर ओसरून नळ पहिल्यासारखा होईपर्यंत. चौकटीचा मजकूर मी लिहून देते, आपण तो आरोग्य खात्यातल्या जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
शिवाजी पेठ, कोल्हापूर