आई-बाबा, काजूच्या बागेत रोल बार उभाच ठेवा

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दसरा झाला, पाऊस उघडला, म्हणजे आता तुम्ही काजूच्या बागेतलं गवत काढायला घ्याल. मोहोर यायच्या आत खालची जमीन साफ झाली तर पुढं बी वेचायला बरं पडतं. माळावरून वणवा आला तरी तो बागेत शिरत नाही. तेव्हा काम करायलाच हवं. पण बाबा, फांद्या अडतात म्हणून सीटमागची रोल बारची कमान पाडून ठेवलीय असं तुम्ही फोनवर म्हणालात, ते मनातून जात नाही. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांनी मिळून वाचा, यातलं काही आईसाठीही आहे.

ट्रॅक्टर उलटला तर सीटभोवती माणूस मावेल एवढी जागा शिल्लक ठेवणं, हेच त्या कमानीचं काम. कमान उभी असली तर ट्रॅक्टर बहुतेक वेळा कुशीवर पडून तिथंच अडतो, पुढच्या पलट्या खात नाही. पाडलेली असली की त्याला अडवायला काहीच उरत नाही. स्लॅशरसकट, म्हणजे मागं जोडलेल्या गवत कापायच्या यंत्रासकट, टनभर वजन उतारावर गडगडत जातं आणि चालवणारा त्याच्याखाली येतो. स्वीडननं १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरना अशी कमान सक्तीची केली. जुने ट्रॅक्टर जसे बाद होत गेले, तशी तिथली ट्रॅक्टर उलटून होणारी मरणं जवळजवळ थांबली. माणसं तीच होती आणि उतारही तेच होते.

कमानीसोबत कमरेचा पट्टा आलाच. पट्टा नसेल तर उलटताना माणूस त्या राखलेल्या जागेतून बाहेर फेकला जातो, आणि कधीकधी कमानच अंगावर येते. म्हणून कमान उभी असेल तेव्हा पट्टा बांधायचा. एखाद्या ठिकाणी कमान पाडावीच लागली, म्हणजे गोठ्याच्या छपराखाली ट्रॅक्टर लावताना वगैरे, तर तेवढ्यापुरता पट्टा सोडायचा, कारण तेव्हा पट्टा माणसाला ट्रॅक्टरलाच जखडून ठेवतो. बाहेर आलं की लगेच कमान उभी करायची, दोन्ही बाजूंच्या पिना पूर्ण आत घालायच्या आणि त्या निसटू नयेत म्हणून त्यांना लिंच पिन, म्हणजे कडीच्या छोट्या पिना, लावायच्या. पिनेच्या जागी खिळा किंवा तार चालणार नाही. पहिल्याच झटक्यात ती कातरून जाते.

आता छताचं. गावात बऱ्याच ट्रॅक्टरांवर पाइप आणि पत्र्याचं छत असतं, आणि ते आहे म्हणजे उलटलो तरी वाचू असं लोकांना वाटतं. ते छत उन्हापावसापुरतं आहे. ट्रॅक्टरचं वजन आलं की ते पाइप दुमडतात. खरी कमान त्या त्या मॉडेलसाठी बनवून, वजन टाकून तपासलेली असते. तिच्यावर पट्टी असते, पट्टीवर कंपनीचं नाव, कोणत्या ट्रॅक्टरसाठी आहे ते आणि कोणत्या मानकानुसार तपासली तो क्रमांक असतो. इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय हवं ते बनवून मिळतं, तिथल्या कारागिरांच्या हाताला तोड नाही, पण ही एक वस्तू तिथं बनवून घेऊ नका आणि आहे तिला वेल्डिंगही करून घेऊ नका. लोखंड किती वाकलं पाहिजे आणि कुठं वाकलं पाहिजे, हे त्या कमानीत ठरलेलं असतं. भोक पाडलं, दिव्यासाठी पट्टी जोडली, फवारणीची टाकी टांगली की तो हिशेब मोडतो. बोल्ट बदलायची वेळ आली तर डोक्यावर ताकदीचा आकडा ८.८ असेल तर ८.८ चाच घ्या, बाजारातला साधा नको. एकदा ट्रॅक्टर उलटला की कमान दिसायला सरळ असली तरी बाद समजायची.

मग फांद्यांचं काय? बाबा, कमान पाडण्यापेक्षा फांद्या छाटा. ट्रॅक्टर बागेत उभा करून जमिनीपासून कमानीच्या टोकापर्यंतची उंची टेपनं मोजा आणि त्यात एक फूट मिळवा, कारण चाक उंचवट्यावर चढलं की कमानही वर जाते. तेवढ्या उंचीची वेळूची काठी घेऊन ओळीतून चालत जा. काठी अडेल ती फांदी काढायची, छाटीवर दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावायची. काही झाडं इतकी खाली पसरलीत की फांद्या काढल्या तर उत्पन्न जाईल. त्यांच्याखाली ट्रॅक्टर घालूच नका, तेवढं ब्रश कटरनं किंवा विळ्यानं करू. आणखी एक ध्यानात असू द्या. कमान उभी असताना जाड फांदी तिला अडकली आणि ट्रॅक्टर तसाच पुढं रेटला, तर पुढची चाकं उचलतात. अडकल्याचा आवाज आला की क्लच दाबून थांबायचं आणि मागं घ्यायचं, रेटायचं नाही.

कमान ही शेवटची ढाल आहे. मुळात उलटायची वेळच येऊ नये. त्यात मला सगळ्यात जास्त काळजी चाकांची वाटते. हाच ट्रॅक्टर हिरण्यकेशीकाठच्या उसात भरणीला जातो, म्हणून मागची चाकं आत घेतलेली आहेत. अरुंद ट्रॅक्टर उतारावर फार लवकर कलंडतो. बागेत न्यायच्या आधी चाकं बाहेर काढून घ्या. डिस्क आणि रिम उलटसुलट बसवून रुंदी वाढते, शोरूमचा मिस्त्री करून देईल. फक्त टायरच्या नक्षीचा बाण पुढच्या दिशेनंच राहिला पाहिजे, आणि तासभर चालवल्यावर नट पुन्हा आवळायचे. मागच्या टायरांत पाऊण भाग पाणी भरून घेतलं तर वजन खाली राहतं, तेही करा. पुढच्या जाळीसमोरची वजनं मात्र काढू नका. मागं स्लॅशर लोंबत असताना पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग लागत नाही.

दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावूनच बागेत शिरायचं. उसात वळायला एकेरी ब्रेक कामाचा असतो, पण उतारावर एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन फिरतो आणि आडवा होतो.

उतार डोळ्यांनी मापू नका, डोळा फसतो. एक मीटरची सरळ पट्टी घ्या. एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, पट्टीवर गवंड्याची लेव्हल ठेवून ती आडवी करा, आणि दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खाली आहे ते मोजा. १८ सेंटीमीटर म्हणजे साधारण १० अंश, २७ सेंटीमीटर म्हणजे १५ अंश. १८ च्या आत असेल तिथं ओळीनं आडवं कापलं तरी चालेल, हळू चालवायचं. १८ ते २७ मध्ये फक्त वर-खाली. २७ च्या पुढं ट्रॅक्टर नको. वरच्या तालीजवळचा, म्हणजे दगडी बांधाजवळचा, जमिनीचा पट्टा त्यातच येईल असा माझा अंदाज आहे, पण मोजून बघा. आणि हे सगळं कोरड्या जमिनीचं माप आहे. सकाळचं दव वाळेपर्यंत थांबा.

वर-खाली कापतानाही पद्धत आहे. स्लॅशर मागं असतो, म्हणून तोंड वर करून चढलं की पुढचं टोक उचलायला बघतं. तेव्हा पीटीओ, म्हणजे स्लॅशर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा, बंद करून, स्लॅशर जरासा उचलून, रिव्हर्समध्ये वर जायचं. वर पोचल्यावर स्लॅशर टेकवून पीटीओ चालू करायचा आणि तोंड खाली करून कापत उतरायचं. फोर व्हीलचा लिव्हर टाकलेला हवा, कारण ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हीलमध्ये इंजिनचा रेटा चारही चाकांना धरून ठेवतो. लो मध्ये एक गिअर धरायचा आणि उतार संपेपर्यंत तो बदलायचा नाही, न्यूट्रलही करायचं नाही. वेग माणूस चालतो तेवढाच. वळताना वेग दुप्पट केला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

क्लचबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला क्लच दाबला तरी स्लॅशरची जड पाती फिरतच असतात. ती पीटीओ शाफ्टमधून उलट गिअरबॉक्स फिरवतात आणि ट्रॅक्टरला पुढं ढकलतात. तुम्ही क्लच दाबलाय, तरी ट्रॅक्टर तालीकडं सरकतोय, असं होतं. यावर उपाय म्हणजे पीटीओवर बसणारा ओव्हररनिंग क्लच, तो पात्यांचा उलटा जोर ट्रॅक्टरपर्यंत येऊ देत नाही. आपल्या शाफ्टला तो आहे का ते बघा. हातानं शाफ्ट एका दिशेनं मोकळा फिरला आणि दुसऱ्या दिशेनं अडकला, तर आहे. हे बघताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

तालीच्या आणि ओढ्याच्या कडेला साधा नियम पाळा. कड जेवढी खोल, तेवढं चाक कडेपासून लांब. चार फुटांची ताल असेल तर चार फूट, आणि पावसानं माती अजून भुसभुशीत असेल तर त्याहून जास्त. तालीचे दगड वरून घट्ट दिसतात, पण आतली माती पाण्यानं निघून गेलेली असते. त्या अंतरावर आधीच चुन्याची रेघ मारून ठेवा, म्हणजे कापताना विचार करावा लागणार नाही. आदल्या दिवशी पूर्ण बाग पायी फिरून जांभ्याचे उघडे दगड, जुने बुंधे, वारुळं, खेकड्यांची बिळं शोधून तिथं काठीला लाल फडकं बांधा. वरच्या अंगाचं चाक वारुळावर आणि खालच्या अंगाचं बिळात, एवढ्यानंही ट्रॅक्टर जातो. पुढचा ॲक्सल मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून सीटवर बसून कलंडायची वेळ आलीय हे शेवटपर्यंत कळत नाही.

तरीही कलंडायला लागलाच, तर उडी मारायची नाही, बाबा. प्रत्येकाचं मन उडी मार म्हणतं, आणि माणूस खालच्या बाजूलाच उडी मारतो, जिथं ट्रॅक्टर येणार असतो. पट्टा बांधलेला असेल तर स्टेअरिंग घट्ट धरा, पाय आत ठेवा, बसून राहा. थांबल्यावर आधी इंजिन बंद करा, डिझेल गळत असतं.

मागच्या बाजूला उलटणं तर याहून झटपट होतं. पुढचं टोक उचलायला लागल्यापासून पाऊण सेकंदात ते आवरण्यापलीकडं जातं, क्लचवर पाय पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. याची दोन कारणं आपल्याकडं नेहमीची. एक, जुना बुंधा ओढायला साखळी टॉप लिंकला, म्हणजे मागच्या वरच्या दांड्याला, बांधणं. साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, बांधायची. दुसरं, चिखलात रुतल्यावर मागच्या चाकांपुढं ओंडका घालून गिअर टाकणं. चाक पुढं जाऊ शकलं नाही की ट्रॅक्टरच चाकाभोवती उलटा फिरतो. रुतला तर रिव्हर्समध्ये काढा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

आई, आता तुझ्यासाठी. स्लॅशर चालू असताना गवत गोळा करायला मागं जायचं नाही. तो गवताचा चुरा करतो, मातीही मिसळते, म्हैस ते नीट खात नाही, म्हणून वैरणीचं गवत आधी विळ्यानं कापून घ्या. चार फुटांच्या वर्तुळात पाती मिनिटाला हजार फेरे घेत असतील, तर टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर भरतो. त्याखाली आलेला खडा किंवा तारेचा तुकडा शंभर मीटरपर्यंतही जाऊ शकतो. ट्रॅक्टर बागेत असेपर्यंत तू, गडी, शेजारची पोरं आणि जनावरं, सगळी बागेबाहेर. जेवण घेऊन आलीस तर कडेला, बाबांना दिसेल अशी उभी राहा. पाती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जाऊ नकोस. पीटीओ बंद केल्यावरही ती अर्धा मिनिट तरी फिरत राहतात. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं असेल तर ते बदलल्याशिवाय काम नको. तो शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो, पदराचं किंवा खांद्यावरच्या टॉवेलचं टोक अडकलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. बाबांनी त्या दिवशी धोतर नको, पँट आणि बूट घालावेत. मडगार्डवर कुणाला बसवू नका, कमान एकाच माणसाला वाचवते.

पात्यात दगड अडकून शिअर बोल्ट, म्हणजे जादा जोर आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटला तर त्याच मापाचा, त्याच प्रतीचा बोल्ट घाला. कडक बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स फुटतो. स्लॅशरखाली हात घालायच्या आधी खाली लाकडी ठोकळे लावा, नुसत्या हायड्रॉलिकवर विश्वास नको.

बाबा, एकट्यानं बागेत जाऊ नका. फोन ट्रॅक्टरच्या डब्यात न ठेवता खिशात ठेवा. काही झालं तर १०८, आणि बागेपर्यंत गाडी कोणत्या वाटेनं येईल ते आईला ठाऊक असू दे.

आता एवढं करा. कमानीवरच्या पट्टीचा, पट्टा जिथं बोल्टनं बसवलाय त्या जागेचा आणि पट्ट्याच्या कापडाचा फोटो पाठवा. कडा उसवल्या असतील किंवा उंदरानं कुरतडलं असेल तर मी इथून शोरूमला सांगून नवा पट्टा मागवते. सोबत कमानीची उंची आणि तीन-चार ठिकाणच्या उताराचं माप कळवा. कोणत्या ओळीत ट्रॅक्टर घालायचा आणि कोणत्या ओळी ब्रश कटरवर सोडायच्या, ते ठरवून मी शनिवारी ब्रश कटर घेऊनच येते. तोवर फांद्या तेवढ्या छाटून ठेवा.

तुमची,
ताई