‘पक्षीच आहेत, परत बसतील!’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आक्षीच्या किनाऱ्याचे छायाचित्र आहे, खाली ओळ ‘पाहुण्या पक्ष्यांचा लाटांशी खेळ’. छायाचित्र देखणे आहे, वाद नाही. पण ओहोटी लागलेली, ओली पुळण लांबवर उघडी पडलेली आणि थव्यातला एकही पक्षी खाली नाही, याला खेळ म्हणत नाहीत. भरल्या पानावरून कोणीतरी उठवलेले आहे त्यांना. कोणी, ते आपल्या छायाचित्रकारालाच विचारावे.

पाणी ओसरले की काही तास चरायचे, भरती आली की उपास, हा त्यांचा नेम. म्हणून रात्रीची ओहोटीही ते सोडत नाहीत. चिखल्या पक्षी नजरेने शिकार करतो: चार पावले धावतो, थबकतो, टिपतो. तुतवाराच्या जातीतले कितीतरी पक्षी न बघताच चिखलात चोच खुपसतात. टोकाला स्पर्शाची जाण असते, आत किडा वळवळला की कळते. कोरल पक्ष्याची लांब बाकदार चोच थेट खेकड्याच्या बिळात. या खाण्यावर चरबी साठवून यातल्या कित्येकांना उन्हाळ्याच्या तोंडावर मध्य आशिया, सैबेरिया गाठायचा असतो. उगाच उडवले की तीच चरबी जळते.

गेल्या हिवाळ्यात एका पर्यटकाने पुळणीवर गाडी घातली. थवा बसला की गाडी त्याच्या अंगावर, उडाला की व्हिडिओ. हटकले तर म्हणतो, ‘काका, पक्षीच आहेत, परत बसतील!’ बसले ना. पलीकडे जाऊन बसले, आणि हा तिथेही गेला. पुढे भरती लागली, गाडी रुतली. ओढायला गावातलीच पोरे, दोरही गावातलाच. आपल्याकडे बातमी आली ती ‘पर्यटक बालंबाल बचावले’. पक्ष्यांबद्दल एक अक्षर नाही.

त्याला तरी भरतीची वेळ कळणार कुठून? आपण पूर्वी आतल्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा देत होता. ती चौकट काढून राशिभविष्य वाढवलेत. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, कालचा अंदाज आज चालत नाही. पक्ष्यांना चौकटीची गरज नाही, पण खडकांवरची कालवे काढायला जाणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना आहे. मेष राशीचा धनलाभ आठवड्यातून एकदा छापलात तरी भागेल.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग