पेपर मुले देतील, कागद शासनाने द्यावेत

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कोकणातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना परदेशी परवाना परीक्षा व रेसिडेन्सीच्या अर्जांसाठी लागणारी कागदपत्रे

माननीय महोदय,

सविनय नमस्कार.

अलिबाग आणि सिंधुदुर्गनगरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झाले, रत्नागिरीचे २०२३-२४ मध्ये. प्रत्येक ठिकाणी एमबीबीएसच्या शंभर जागा. नीटमध्ये चांगले गुण मिळवूनही ज्या मुलांना एरवी मुंबई, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठावे लागे, ती आता घरच्या जिल्ह्यात शिकत आहेत. हे मोठे काम झाले आणि त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार.

यातली थोडी मुले अमेरिकेतली रेसिडेन्सी (पदवीनंतरचे रुग्णालयातले प्रशिक्षण) किंवा ब्रिटनमधला परवाना यांचा विचार करतात. आम्ही अशा मुलांचे अर्ज आणि कागद तपासून देणारे डॉक्टर आहोत. परीक्षेचा अभ्यास मुले स्वतः करतात, फी पालक भरतात. शासनाकडे पैसे कोणी मागत नाही. अडते ते सही, शिक्का, नोंद आणि तारीख या चार गोष्टींवर, आणि त्या चारही आपल्या खात्याच्या हातात आहेत.

कोकणाला हा प्रकार नवा नाही. हर्णै, दाभोळ, जयगडच्या खलाशी घरांत विचारा, सीडीसीवरचे (खलाशाच्या नोंदपुस्तकावरचे) नाव आणि पासपोर्टावरचे नाव एका अक्षराने वेगळे असले की काय होते ते शाळकरी पोरही सांगेल. आखातात नोकरीला गेलेल्या महाड-श्रीवर्धनच्या माणसांना डेटाफ्लोची तपासणी माहीत आहे. तिथे पदवी दाखवून भागत नाही, ज्या संस्थेने ती दिली तिने स्वतः होकार कळवावा लागतो. डॉक्टरकीचे परवाने नेमके याच तत्त्वावर चालतात. म्हणून महाविद्यालयाचे कार्यालय हा या प्रवासातला अर्धा वाटेकरी आहे.

पहिली गोष्ट नोंदीची. अमेरिकेच्या परीक्षांसाठी विद्यार्थ्याचे महाविद्यालय 'वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स' या यादीत असावे लागते. नुसते नाव असून चालत नाही. त्या नोंदीत ईसीएफएमजी या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेची पात्रतेची टीप आणि पदवीची ग्राह्य वर्षे असावी लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाला जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांची मान्यता मिळाली, त्यामुळे देशाच्या पातळीवरचे दार उघडे आहे. पण आपल्या महाविद्यालयाची नोंद बरोबर आहे का, नावाचे स्पेलिंग तेच आहे का, वर्षे आहेत का, हे त्या त्या अधिष्ठात्यांनाच पाहावे लागेल. जुन्या महाविद्यालयांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथे कुणाला हे सुचावेही लागत नाही. नव्या ठिकाणी मात्र विद्यार्थ्याला हे परीक्षेचा अर्ज भरताना कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट सहीची. विद्यार्थी म्हणून अर्ज करणाऱ्याला, हा आमचाच विद्यार्थी आहे आणि त्याची किमान दोन वर्षे पूर्ण झाली आहेत, असा दुजोरा महाविद्यालयाकडून लागतो. तो देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ईसीएफएमजीकडे आधी नोंदलेले असावे लागते. अडचण इथे आहे. नव्या महाविद्यालयांत अधिष्ठाता बदलून जातात, प्रभारी येतात, आणि नोंद मात्र आधीच्याच माणसाच्या नावाने राहते. नव्या अधिकाऱ्याची सही मग ग्राह्य धरली जात नाही, ईसीएफएमजीच्या पोर्टलचा पासवर्ड जुन्या ईमेलवर अडकतो आणि अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. उपाय साधा आहे. प्रत्येक महाविद्यालयात दोन अधिकारी नोंदवावेत, एक अधिष्ठाता आणि एक विद्यार्थी विभागाचा. ईमेल व्यक्तीच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा हवा. पदभार देण्या-घेण्याच्या यादीत जशी कपाटांच्या चाव्यांची ओळ असते, तशी या पोर्टलचीही एक ओळ घालावी.

नावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे नाव, आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टात स्वतःचे आणि वडिलांचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. काहींच्या पासपोर्टात वडिलांचे नाव मुळातच नसते. 'सावंत' एका कागदावर डब्ल्यूने लिहिलेले, दुसऱ्यावर व्हीने. परीक्षेच्या प्रवेशपत्रावरचे नाव आणि पासपोर्टावरचे नाव जुळले नाही तर परीक्षा घेणाऱ्या प्रोमेट्रिक कंपनीच्या केंद्रात प्रवेशच मिळत नाही. परदेशी केंद्राचा अधिभार धरून अमेरिकेच्या परवाना परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याची, म्हणजे स्टेपची, फी हजार डॉलरच्या वर जाते. पुढे पदवीवरचे नाव वेगळे निघाले की पुन्हा पुरावे, पुन्हा तपासणी. मुलींचे लग्न मधेच झाले आणि पासपोर्ट नव्या नावाने काढला, तर हा गुंता दुप्पट होतो. प्रवेशाच्या दिवशीच पासपोर्ट पाहून, किंवा तो नसेल तर काढायला सांगून, महाविद्यालयाच्या रजिस्टरपासून पदवीपर्यंत नाव एकाच पद्धतीने लिहिले गेले तर यातली बहुतेक प्रकरणे उद्भवणारच नाहीत.

वेळापत्रक उलटे मोजावे, असे आम्ही मुलांना सांगतो. अमेरिकेत रेसिडेन्सी १ जुलैला सुरू होते. मॅचचा, म्हणजे कुठल्या डॉक्टरला कुठल्या रुग्णालयात जागा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. त्याआधी फेब्रुवारीअखेर-मार्चच्या सुरुवातीला पसंतीक्रमाची यादी, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती, आणि सप्टेंबरमध्ये इरास या पोर्टलवर अर्ज. म्हणजे स्टेप २ सीके या क्लिनिकल ज्ञानाच्या परीक्षेचा निकाल त्या ऑगस्टपर्यंत हाती हवा, परीक्षा जून-जुलैच्या आत. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ला फक्त पास-नापास आहे, त्यामुळे निवडीत सारे वजन स्टेप २च्या गुणांवर आले. स्टेप १ दुसऱ्या वर्षाचे पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी पक्के झाल्यावर द्यावी, पण घाईने देऊ नये. नापासचा शेरा कायम राहतो, पास झालेली परीक्षा पुन्हा देता येत नाही, एका स्टेपला एकूण चारच प्रयत्न, आणि ईसीएफएमजीच्या प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा सात वर्षांच्या आत उरकाव्या लागतात. ज्याचे मन अजून ठरलेले नाही त्याने थांबलेले बरे. रुग्ण तपासण्याची जुनी परीक्षा, स्टेप २ सीएस, २०२१ मध्ये बंद झाली. तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत ओईटी मेडिसिन ही डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा लागते: ऐकणे, वाचणे, बोलणे यांत ३५० आणि लेखनात ३०० गुण.

परीक्षा केंद्रासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मुलाला मुंबई गाठावी लागते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, दरड कोसळली की तेही कोलमडते. जून ते सप्टेंबर या काळात परीक्षा असेल तर दोन दिवस आधी पोहोचा, असे आम्ही बजावतो. महाविद्यालयांनी अशा परीक्षेसाठी तीन दिवसांची रजा उपस्थितीला बाधा न आणता दिली तर बरे होईल.

आता प्रत्यक्ष कागद. गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रत्येक वर्षाचे विषय, तासिका, वॉर्डातल्या पोस्टिंगचे आठवडे आणि गुणपद्धतीचा खुलासा लागतो. 'एमएसपीई' म्हणजे डीनचे पत्र, त्याला आपल्याकडे अजून बोनाफाईड समजले जाते. 'सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे' या ओळीने तिथे काहीच साधत नाही. विद्यार्थ्याची शैक्षणिक वाटचाल, प्रत्येक पोस्टिंगमधली कामगिरी, मधे खंड पडला असेल तर त्याचे कारण, वर्गाच्या तुलनेत त्याचे स्थान, हे सगळे त्यात लागते. शिफारसपत्र तर प्राध्यापकांना स्वतःच पोर्टलवर चढवावे लागते, विद्यार्थी ते हाताळू शकत नाही. नव्या महाविद्यालयात शिकवणारे सर बदली होऊन नांदेडला गेले की पत्र मिळवणे अवघड होते, म्हणून पोस्टिंग संपताच मागून ठेवावे.

पदवीचेही तसेच. ईसीएफएमजीला अंतिम पदवी प्रमाणपत्र लागते, तात्पुरते चालत नाही. ते विद्यार्थ्याने पाठवले की पडताळणी थेट संस्थेकडे येते आणि उत्तर संस्थेनेच द्यायचे असते. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ पदवी देते आणि आपण त्या विद्यापीठाचे प्रति-कुलपती आहात. इंटर्नशिप संपल्यापासून पदवी हातात पडेपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस, आणि पडताळणीच्या प्रश्नाला उत्तर किती दिवसांत, हे दोन आकडे लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवांप्रमाणे जाहीर व्हावेत.

आणि आता बंधपत्र. या पत्राचे खरे कारण तेच आहे.

शासकीय महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्याने एक वर्ष सेवा द्यायची, हे न्याय्य आहे. ती टाळण्याची वाट आम्ही कुणालाही दाखवत नाही. पण हे वर्ष आणि अर्जाचे वर्ष एकमेकांत अगदी नीट बसू शकतात, हे खात्याच्या कुणी ध्यानात घेतलेले दिसत नाही. समजा इंटर्नशिप मार्चअखेर संपली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली नेमणूक १ मेला मिळाली. सेवा पुढच्या ३० एप्रिलला पूर्ण. त्या वर्षातच सप्टेंबरचा अर्ज, हिवाळ्यातल्या मुलाखती आणि मार्चचा निकाल होऊन जातो. मे-जूनमध्ये व्हिसा आणि १ जुलैला हजर. राज्याला पूर्ण वर्षाचा डॉक्टर मिळाला, मुलाचा एक दिवसही वाया गेला नाही. हीच नेमणूक ऑगस्टमध्ये आली तर सेवा जुलैअखेरपर्यंत चालते आणि १ जुलै चुकते. मॅचचा निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. हजर न होणाऱ्याची जागा तर जातेच, पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. मग मुलगा काय करतो? बंधपत्रातून सुटायची खटपट करतो. वेळेवर नेमणूक मिळाली असती तर तोच मुलगा संगमेश्वर किंवा कणकवली तालुक्यात वर्षभर आनंदाने राहिला असता.

म्हणून इंटर्नशिप संपल्यापासून तीस दिवसांत नेमणूक आणि सेवा संपल्यापासून पंधरा दिवसांत बंधपत्रमुक्तीचा दाखला, एवढे आयुक्तालयाने बांधून द्यावे. मुलाखती ऑनलाइन असतात आणि अमेरिकेच्या दिवसा, म्हणजे आपल्या संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालतात. वीज आणि नेटवर्क बेभरवशाचे असलेल्या केंद्रावरच्या डॉक्टरला त्या रात्रीपुरती जिल्हा रुग्णालयातली एक खोली मिळाली तरी पुरे.

व्हिसाचेही वेळापत्रक पाहावे. बहुतेक परदेशी डॉक्टर जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर जातात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेल्यापासून जे-१ हाच मुख्य रस्ता उरला आहे. त्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे 'स्टेटमेंट ऑफ नीड', म्हणजे अशा प्रशिक्षित डॉक्टरांची देशाला गरज आहे असे पत्र, लागते. मॅचचा निकाल ते १ जुलै, हातात जेमतेम साडेतीन महिने. ते पत्र दिल्लीचे आहे हे आम्हाला माहीत आहे. पण राज्याकडून लागणाऱ्या कागदासाठी मुलाला मंत्रालयात चकरा माराव्या लागू नयेत.

ब्रिटनचे थोडक्यात. प्लॅब ही तिथल्या परवान्याची परीक्षा; तिचा पहिला भाग १८० प्रश्नांचा आणि तीन तासांचा. दुसरा भाग फक्त मँचेस्टरला, १६ स्टेशनांचा (म्हणजे रुग्ण हाताळण्याच्या छोट्या प्रसंगांचा), आणि पहिला उत्तीर्ण झाल्यापासून दोन वर्षांत तो पार करावा लागतो. इंग्रजीसाठी आयईएल्टीएसमध्ये एकूण ७.५, किंवा ओईटीत प्रत्येक भागात बी. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर विभाग आणि तारखा स्पष्ट हव्यात, नुसते 'बारा महिने पूर्ण' पुरत नाही. शिवाय महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचे सद्वर्तन प्रमाणपत्र लागते आणि ते थोडे महिनेच चालते, म्हणून ते फार लवकर काढूनही उपयोग नाही. जुलै २०२५ च्या तिथल्या सरकारच्या आरोग्य आराखड्यात प्रशिक्षणाच्या जागांसाठी स्थानिक पदवीधरांना प्राधान्य देण्याचे धोरण मांडले गेले. निर्णय घेण्याआधी मुलांनी हे नीट तोलावे.

करदात्यांच्या पैशाने शिकून हे बाहेर का जाणार, असा प्रश्न विधानसभेत उठेल आणि तो रास्त आहे. त्यासाठीच बंधपत्र आहे. जे-१वर गेलेल्यालाही प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, सूट मिळाली तरच ती टळते. आणि आम्ही मागतो ते कागद फक्त परदेशी जाणाऱ्यांसाठी नाहीत. नीट लिहिलेले ट्रान्सक्रिप्ट, वेळेवर पदवी, वेळेवर नेमणूक हे सावंतवाडीतच दवाखाना टाकणाऱ्या मुलीलाही हवे आहे.

सिंधुदुर्ग आणि अलिबागच्या पहिल्या तुकड्या शेवटच्या टप्प्यात आल्या आहेत. त्यांच्या पदव्या छापल्या जाण्याआधी तिन्ही अधिष्ठात्यांकडून तीन गोष्टींचा लेखी अहवाल आपण मागवावा: डिरेक्टरीतली नोंद काय आहे, दुजोरा देणारे अधिकारी कोण आहेत, आणि विद्यार्थ्यांची नावे पासपोर्टाशी जुळवली आहेत का. ट्रान्सक्रिप्ट आणि डीनच्या पत्राचा मराठी खुलाशासह नमुना आम्ही विनामूल्य तयार करून देऊ, आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना तो भरायला शिकवण्यासाठी तिन्ही ठिकाणी येऊ. वार आणि वेळ आपल्या कार्यालयाने कळवावी.

आपले विश्वासू,
कोकणातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे डॉक्टर
रत्नागिरी